नेदरलँड्समधलं पाळणाघर आणि पहिली शाळा: गरोदरपणापासून पाचव्या वाढदिवसापर्यंत काय, कधी, कसं

नेदरलँड्समध्ये लहान मुलांची सोय चांगली आहे, पण ती वेळेत रांगेत उभं राहणाऱ्यालाच मिळते. आइंडहोव्हन, आम्स्टलव्हेन, हेग, उट्रेख्त अशा शहरांत नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं बहुतेक इथेच अडकतात. घर, बँक, परवाना सगळं मार्गी लागलेलं असतं, आणि आईची रजा संपत आल्यावर कळतं की जवळच्या डेकेअरमध्ये मंगळवार आणि गुरुवार अजून बरेच महिने मिळणार नाहीत.

ही सगळी व्यवस्था चार तारखांभोवती बांधलेली आहे: आईची बाळंतपणाची रजा संपते तो दिवस, मूल अडीच वर्षांचं होतं तो दिवस, चौथा वाढदिवस आणि पाचवा वाढदिवस. प्रत्येक तारखेला जागा बदलते, पैशांचा हिशेब बदलतो, पालकांवरची बंधनंही बदलतात. म्हणून पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगितलं आहे. बेल्जियममधल्या डच भाषक भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये, हे गणित बरंच वेगळं आहे. लूव्हन, गेंट किंवा अँटवर्पला राहणाऱ्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

पहिली पायरी: दिवस भरण्याआधी नाव नोंदवा

गरोदरपणाचे पहिले तीन-चार महिने सरले की डेकेअरमध्ये नाव घाला. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी चालतं, प्रसूतीची अपेक्षित तारीख पुरते. एकाच ठिकाणी नाही, तीन-चार ठिकाणी. प्रतीक्षायादीत नाव घालायला काही ठिकाणी थोडं नोंदणी शुल्क पडतं, पण जागा स्वीकारल्याशिवाय करार होत नाही. देशभर बालसंगोपन क्षेत्रात माणसं कमी आहेत, त्यामुळे खोली रिकामी असूनही गट उघडता येत नाही असं घडतं.

इथे पाळणाघर आठवड्यातल्या ठरावीक वारांसाठी मिळतं, हे आपल्याकडून आलेल्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. डच आईबाप बरेचदा आठवड्यातून तीन किंवा चार दिवस काम करतात आणि मूल दोन-तीन दिवसच डेकेअरला जातं. सोमवार, मंगळवार, गुरुवार भरलेले असतात. बुधवारी आणि शुक्रवारी बऱ्याच पालकांची सुट्टी असते, म्हणून त्या वारांना जागा लवकर निघते. तुमच्या कार्यालयात वार बदलता येत असतील तर नोंदणी करतानाच बुधवार आणि शुक्रवार मागा. आत शिरलात की त्याच डेकेअरचं मूल म्हणून पुढचे वार बदलून घेणं सोपं जातं, कारण बाहेरच्यांच्या आधी आतल्यांना विचारलं जातं.

सोयींचे मुख्य प्रकार असे. शून्य ते चार वर्षांसाठी डेकेअर, ज्याला डचमध्ये किंडरडाखफरब्लैफ म्हणतात आणि जे साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसहा उघडं असतं. घरगुती वातावरणात मुलं सांभाळणारी खास्टाउडर. तिच्याकडे एका वेळी जास्तीत जास्त सहा मुलं असू शकतात आणि ती नोंदणीकृत संस्थेमार्फतच मिळते. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी अर्ध्या दिवसाचा खेळगट, म्हणजे पेउटरओपफांग. आणि शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी शाळेआधीचं-नंतरचं संगोपन, ज्याला सगळे बीएसओ म्हणतात. २०१८ पासून खेळगटांनाही डेकेअरचाच कायदा लागू आहे, त्यामुळे दर्जाचे नियम दोन्हीकडे सारखे.

दुसरी पायरी: रजांचं वेळापत्रक कागदावर मांडा

डेकेअर किती दिवस लागणार हे रजांवर ठरतं. आईला किमान १६ आठवड्यांची पगारी रजा असते. ती अपेक्षित तारखेच्या सहा ते चार आठवडे आधी सुरू होते आणि बाळंतपणानंतर निदान दहा आठवडे हातात राहतात. बाबाला किंवा जोडीदाराला एक आठवडा पूर्ण पगारी रजा आणि त्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत ७० टक्के भत्त्याची पाच आठवड्यांची रजा मिळते. शिवाय प्रत्येक पालकाला २६ आठवड्यांची पालकत्व रजा असते. त्यातले नऊ आठवडे बाळाच्या पहिल्या वर्षात घेतले तर यूडब्ल्यूव्ही ही सरकारी संस्था, ठरवलेल्या कमाल मर्यादेत, पगाराच्या ७० टक्के भत्ता देते. ही सोय ऑगस्ट २०२२ पासून आहे.

हे नऊ आठवडे सलग न घेता आठवड्यातून एक दिवस असे घ्या. पाच दिवसांच्या नोकरीत नऊ आठवडे म्हणजे ४५ दिवस. म्हणजे बाळ वर्षाचं होत येईपर्यंत दर आठवड्याला एक दिवस मोकळा. आईने एक वार घेतला, बाबाने दुसरा, तर बाळाला तीनच दिवस डेकेअर लागतं. बाबा एक दिवस एकटा बाळ सांभाळतो, आणि ते त्याच्यासाठीही फार मोलाचं आहे. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांना ही संधीच मिळत नाही. इथे कायदा देतो आहे, तर ती सोडू नका.

आजी-आजोबा भारतातून येणार असतील तर एक सावधगिरी बाळगा. अल्पमुदतीच्या व्हिसावर त्यांना १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्या तीन महिन्यांचे पैसे वाचवण्यासाठी डेकेअरची जागा सोडू नका. परत हवी असेल तेव्हा पुन्हा रांगेच्या शेवटी जावं लागेल. दिवस कमी करता येतात का ते विचारा, निदान एक वार धरून ठेवा. बाळाची तिथल्या माणसांची सवयही टिकते.

तिसरी पायरी: जागा बघायला जाताना

प्रत्येक डेकेअरची आणि खास्टाउडरची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत, म्हणजे एलआरकेत, असते. नोंदणी क्रमांक तिथे शोधा आणि खाली जोडलेले जीजीडीचे तपासणी अहवाल वाचा. जीजीडी म्हणजे स्थानिक सार्वजनिक आरोग्य सेवा. डेकेअरची तपासणी तीच करते आणि तिचे अहवाल सर्वांसाठी खुले असतात. भाषा डच असली तरी भाषांतराच्या अ‍ॅपमधून अर्थ कळतो. एखादा शेरा आढळला म्हणून लगेच फुली मारू नका. तोच शेरा दोन-तीन वर्षं सलग येतो का, हे पाहा.

नियमांतला महत्त्वाचा आकडा असा: एका वर्षाखालच्या बाळांसाठी एका शिक्षित कर्मचाऱ्यामागे जास्तीत जास्त तीन बाळं. २०१९ पूर्वी चार चालत. मुलं मोठी होतात तसा हा आकडा वाढतो. बाळाच्या गटात ठरलेले मोजकेच चेहरे असावेत आणि प्रत्येक मुलासाठी एक मार्गदर्शक कर्मचारी नेमलेली असावी, हेही नियमात आहे. आणखी एक नियम २०१३ पासून आहे: मुलांजवळ असलेल्या कर्मचाऱ्याला दुसरं कुणीतरी कधीही पाहू किंवा ऐकू शकलं पाहिजे. २०१० मध्ये आम्स्टरडॅममध्ये उघडकीला आलेल्या लहान मुलांवरील अत्याचाराच्या भयंकर प्रकरणानंतर हा नियम आला. काचेचे दरवाजे, झोपण्याच्या खोलीतलं ऐकण्याचं यंत्र यांचं कारण हे आहे. भेटीत याबद्दल मोकळेपणाने विचारा. चांगल्या ठिकाणी याचं सरळ उत्तर मिळतं.

मी स्वतः भेटीत सगळ्यात जास्त लक्ष एका गोष्टीकडे देईन: रडणाऱ्या बाळाजवळ कर्मचारी किती वेळात जाते आणि जाऊन काय करते. भिंतीवरची चित्रं, खेळण्यांचा ढीग, रंगीत माहितीपत्रक यांवरून काही कळत नाही. दुसरा प्रश्न माणसांचा: या गटात कोण किती वर्षांपासून आहे? बाळाच्या पहिल्या वर्षात तीनदा माणूस बदललं तर सुंदर इमारतीचा उपयोग नाही.

मग व्यवहाराचे प्रश्न. करार ५२ आठवड्यांचा आहे की फक्त शाळेच्या ४० आठवड्यांचा? मूल आजारी पडून न गेलेला दिवस नंतर बदलून मिळतो का? लंगोट आणि जेवण तासाच्या दरात धरलं आहे का? करार मोडायचा तर किती आधी कळवायचं (साधारण एक महिना असतो)? प्रत्येक डेकेअरला पालक समिती असावी लागते. तिच्यातल्या एखाद्या पालकाशी बोलायला मिळालं तर नक्की बोला.

चौथी पायरी: जेवण, झोप, आजारपण

इथे मुलं दुपारी पाव खातात. सकाळी साधारण साडेनऊला फळं, साडेअकराच्या सुमाराला गव्हाचा पाव आणि त्यावर चीज किंवा काहीतरी लावलेलं, सोबत दूध किंवा पाणी, झोपेनंतर पुन्हा फळ किंवा बिस्किट. गरम जेवण मिळणारी ठिकाणं आहेत, पण सगळीकडे नाहीत. शाकाहारी घरांनी पहिल्याच बैठकीत लेखी द्यावं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, आणि पावावर लावायचा यकृताचा मऊ लगदा नको. लहान मुलांना तो सर्रास देतात आणि रंगावरून तो काय आहे ते कळत नाही. जिलेटिनच्या गोळ्यांचंही सांगा, कारण वाढदिवसाला मुलं गटात खाऊ वाटतात. वरणभात पाठवता येईल का हे विचारायला हरकत नाही. स्वच्छतेच्या नियमांमुळे काही ठिकाणी घरचं गरम अन्न घेत नाहीत. मूल दिवसभर पाव खातं म्हणून काळजी करू नका, संध्याकाळी घरी वरणभात आहेच.

झोप घरच्यासारखी हातावर नाही, पाळण्यात, झोपण्याच्या पिशवीत. काही डेकेअरमध्ये बाहेर, अंगणातल्या बंदिस्त लाकडी खाटांत थंड हवेत झोपवतात. यासाठी तुमची परवानगी लागते आणि नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण पाऊस असो, थंडी असो, मुलं रोज बाहेर खेळायला जाणारच. पावसाळी कपडे आणि रबरी बूट डेकेअरमध्येच ठेवा, एक जोडी घरी. सर्दी हवेमुळे होते हा आपला समज आजीला फोनवर समजावणं अवघड असलं, तरी मूल बाहेर राहिल्यामुळे आजारी पडत नाही.

पहिल्या हिवाळ्यात मात्र मूल वरचेवर आजारी पडेल, कारण ते पहिल्यांदाच इतक्या मुलांत मिसळत असतं. ताप आला की फोन येतो आणि बरेचदा न्यायला यावं लागतं. उलट कांजिण्या झालेलं मूल, त्याला बरं वाटत असेल तर, बऱ्याच ठिकाणी चालतं. त्यामुळे गटात कांजिण्या आल्याची सूचना वाचून घाबरू नका. आजारी मुलासाठी पालकाला वर्षाला आपल्या आठवड्याच्या कामाच्या तासांच्या दुप्पट तासांची रजा निदान ७० टक्के पगारावर मिळते. ही रजा घरातल्या दोघांनी वाटून घ्या. साहेबाला आधी कळवून ठेवलंत की ऐनवेळी अपराधी वाटत नाही.

सुरुवातीला रुळायचे दिवस असतात: पहिल्या दिवशी तास-दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. नोकरीवर परतण्याच्या निदान आठवडाभर आधी हे दिवस ठेवा. निरोप घेताना लपून निघू नका. मूल रडलं तरी “मी येते, दुपारी झोपून उठलास की” असं मराठीत सांगून निघा. कर्मचाऱ्यांना चार मराठी शब्द लिहून द्या: पाणी, दूध, झोप, दुखतंय. मूल बोलायला लागल्यावर त्या शब्दांचा फार उपयोग होतो.

पाचवी पायरी: पैसे, आणि सरकारकडून येणारा वाटा

यात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून इथे थोडं थांबू या.

डेकेअरचा खर्च तासांवर मोजतात. सरकार त्यातला काही भाग परत देतं. त्याला किंडरओपफांगतूस्लाख म्हणतात आणि डीन्स्ट तूस्लाखन ही सरकारी यंत्रणा तो देते. अटी मोजक्या आहेत: पाळणाघर एलआरकेत नोंदलेलं असावं, लेखी करार असावा, तुम्ही कायदेशीर रहिवासी असावेत आणि दोन्ही पालक नोकरी, व्यवसाय, शिक्षण किंवा डच समाजाची सक्तीची ओळख-परीक्षा यांपैकी काही करत असावेत. दोघांच्या मिळून करपात्र उत्पन्नावर टक्केवारी ठरते. कमी उत्पन्नाला ९६ टक्क्यांपर्यंत मिळते, उत्पन्न वाढेल तशी ती घटते. परदेशातून नोकरीवर आणलेल्यांना मिळणाऱ्या तीस टक्क्यांच्या कर-सवलतीवर आलेल्यांचं करपात्र उत्पन्न कमी दिसतं, त्यामुळे अर्ज करताना पगाराचा ढोबळ आकडा न टाकता करपात्र आकडा टाका.

सरकार तासाला एका कमाल दरापर्यंतच हिशेब धरतं. २०२५ साली डेकेअरसाठी तो १०.७१ युरो होता, बीएसओसाठी ९.५२ आणि खास्टाउडरसाठी ८.१०. दर जानेवारीत हे आकडे बदलतात. समजा डेकेअर तासाला ११.५० घेते आणि मूल आठवड्यातून दोन दिवस, रोजचे अकरा तास जातं. आठवड्याचे २२ तास, महिन्याला सरासरी ९५ तासांच्या आसपास, बिल जवळजवळ १,०९५ युरो. कमाल दराच्या वरचे ७९ सेंट तासागणिक तुमच्याच खिशातून जातात, म्हणजे महिन्याला साधारण ७५ युरो. उरलेल्या रकमेवर तुमची टक्केवारी ७० असेल तर सरकारकडून सुमारे ७१५ युरो येतील आणि तुमच्या पदरचे ३८० च्या आसपास जातील. एका मुलामागे महिन्याला २३० तासांची मर्यादा आहे. पाच पूर्ण दिवस ठेवले तर ती ओलांडली जाते आणि वरचे तास पूर्ण तुमच्या खर्चाने.

अर्ज डिजिडी, म्हणजे सरकारी कामांसाठीची ऑनलाइन ओळख, वापरून करायचा. बाळाचा जन्म तीन दिवसांत नगरपालिकेत नोंदवावा लागतो, त्यानंतर बाळाचा बीएसएन, म्हणजे नागरिक म्हणून ओळखीचा क्रमांक, मिळतो. संगोपन ज्या महिन्यात सुरू झालं त्यानंतर तीन महिन्यांत अर्ज गेला पाहिजे: मार्चमध्ये सुरू झालं तर जूनअखेरपर्यंत. उशीर झाला तर मधल्या काळातले पैसे बुडतात.

मिळणारी रक्कम आगाऊ असते आणि वर्ष संपल्यावर खऱ्या उत्पन्नाशी ताडून पक्की होते. पगार वाढला, तास बदलले, नोकरी गेली, घटस्फोट झाला, तर चार आठवड्यांत कळवायचं. जोडीदाराची नोकरी गेली तर तीन महिने अनुदान चालू राहतं. अंदाज करताना उत्पन्न थोडं जास्त धरा. वर्षअखेरीला परत करण्यापेक्षा थोडे पैसे मिळालेले बरे. हे सांगण्यामागे एक गंभीर कारण आहे. याच अनुदानात चुकीने फसवणूक केल्याचा आरोप ठेवून कर यंत्रणेने हजारो कुटुंबांकडून प्रचंड रकमा वसूल केल्या, त्यात परदेशी मुळाची कुटुंबं खूप होती. घरं गेली, संसार मोडले. त्या प्रकरणापायी जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आज नियम सैल झाले आहेत, तरी करार, बिलं, वार्षिक हिशेबपत्र आणि बँकेचे उतारे निदान पाच वर्षं जपून ठेवा.

सहावी पायरी: एकाच पालकाची नोकरी असेल तर

बरीच मराठी घरं याच स्थितीत असतात: नवऱ्याला किंवा बायकोला नोकरीवर आणलेलं आहे, दुसऱ्याला काम करायची परवानगी आहे पण नोकरी अजून नाही. अशा घराला वरचं अनुदान मिळत नाही. म्हणून मूल चार वर्षांपर्यंत घरीच ठेवायचं असं बरेच जण ठरवतात, आणि मला हे फार खटकतं, कारण दुसरा मार्ग उघडा असतो.

बहुतेक नगरपालिका अडीच किंवा दोन वर्षांपासूनच्या मुलांना खेळगटासाठी स्वतः अनुदान देतात. आठवड्यातून साधारण दोन सकाळी, उत्पन्नानुसार फी. खेळगटाकडे “आम्हाला राष्ट्रीय अनुदान मिळत नाही” असा एक फॉर्म आणि उत्पन्नाचा दाखला द्यायचा, बाकी हिशेब खेळगट आणि नगरपालिका पाहतात.

याहून मोठी सोय म्हणजे व्हीव्हीई, शाळापूर्व भाषाशिक्षण. ज्या मुलांना डच भाषेत मदत लागेल त्यांना अडीच ते चार या दीड वर्षात ९६० तास खेळगटात मिळावेत असा नियम २०२० पासून आहे. म्हणजे शाळेच्या आठवड्यांत साधारण १६ तास. यासाठी शिफारसपत्र कन्सल्टाटीबुरो देतो. हा म्हणजे बाळाचं वजन, उंची, लसी पाहणारं सरकारी बाल-आरोग्य केंद्र. तिथे चार वर्षांपर्यंत ठरलेल्या भेटी असतात. भारतातलं लसीकरणाचं कार्ड पहिल्याच भेटीला न्या. घरात डच बोललं जात नाही हे स्पष्ट सांगा आणि शिफारसपत्राबद्दल स्वतःहून विचारा. कुणाला द्यायचं हे प्रत्येक नगरपालिका आपापल्या निकषांवर ठरवते, पण परक्या भाषेचं घर हा निकष अनेक ठिकाणी आहे. यात कमीपणा काही नाही. तुमच्या मुलाला कमी बुद्धीचं म्हटलेलं नाही. डच ऐकायचे तास वाढवून दिले आहेत एवढंच.

तिथे शिकवतात काय

पहिल्या काही महिन्यांत अनेक आई विचारतात: अक्षरं कधी सुरू करणार? उत्तर असं की खेळगटात नाही, आणि शाळेच्या पहिल्या दोन वर्षांतही नाही. वाचन-लेखनाचा रीतसर अभ्यास ख्रूप (इयत्ता) तीनमध्ये, म्हणजे सुमारे सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधी गोल बसून गाणी, गोष्ट, वाळू, पाणी, कात्री, स्वतः कोट घालणं, ताट उचलून ठेवणं, पाळी येईपर्यंत थांबणं. कर्मचारी प्रत्येक मुलाची निरीक्षणं लिहितात आणि पालकांशी ठरलेल्या दहा मिनिटांच्या भेटीत ती सांगतात.

पुण्या-मुंबईच्या शिशुवर्गात तीन वर्षांची मुलं रेघा आणि अक्षरं गिरवतात, त्याच्या तुलनेत हे वाया चाललंय असं वाटणं स्वाभाविक आहे. तरी माझं ठाम मत आहे: या वयात इंग्रजी अक्षरांची पुस्तकं घेऊन घरी शिकवणी लावू नका. या वेळेचा सगळ्यात चांगला उपयोग मराठीसाठी करा. पूर्ण वाक्यांत, भरपूर मराठी बोला. गोष्टी सांगा, भाजी चिरताना नावं घ्या, आजीशी रोज बोलू द्या. घरची भाषा पक्की असलेलं मूल डच लवकर उचलतं. डेकेअरमध्ये सुरुवातीचे काही महिने मूल गप्प राहिलं तर ते ऐकत असतं. दोन भाषा मिसळतं म्हणून घाबरून घरात डच सुरू करू नका. आपलं मोडकंतोडकं डच मुलाला देण्यात काही हशील नाही. दोन्ही भाषांत, मराठीतही, शब्द अडत असतील, तर मात्र कन्सल्टाटीबुरोला सांगा. मुलांसाठी वाचनालय विनामूल्य असतं, तिथून डच चित्रपुस्तकं आणा आणि चित्रांवर मराठीत गप्पा मारा.

सातवी पायरी: चौथा वाढदिवस

मूल चार वर्षांचं झालं की शाळेत जाऊ शकतं, वर्षाच्या मध्यावर, आपल्या वाढदिवसानंतर लगेच. सगळ्या वर्गाने जूनमध्ये एकत्र सुरू करण्याची आपली पद्धत इथे नाही. १९८५ मध्ये बालवाडी आणि प्राथमिक शाळा एक झाल्या, तेव्हापासून पहिली दोन वर्षं, ख्रूप एक आणि दोन, प्राथमिक शाळेतच असतात आणि बरेचदा एकाच वर्गात बसतात. काही शाळा उन्हाळी सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यांत नवी मुलं घेत नाहीत, तेव्हा ते विचारून घ्या.

शाळा शोधायला मूल दोन-अडीच वर्षांचं असतानाच लागा. सरकारी शाळा, प्रोटेस्टंट आणि कॅथलिक शाळा, माँटेसरी, डाल्टन, येनाप्लान या शिक्षणपद्धतींच्या शाळा अशा सगळ्यांना सरकारकडून सारखाच पैसा मिळतो. १९१७ पासून ही समानता राज्यघटनेत आहे. म्हणजे कॅथलिक शाळाही खर्चात वेगळी नाही. हेगमध्ये सुरिनामी हिंदुस्थानी समाजाने उभारलेल्या हिंदू प्राथमिक शाळाही आहेत. शाळा वर्षाला ऐच्छिक देणगी मागते. न दिल्यास मुलाला सहलीतून किंवा कार्यक्रमातून वगळता येत नाही. अर्ज तिसऱ्या वाढदिवसापासून करता येतो. आम्स्टरडॅममध्ये मध्यवर्ती नोंदणी आणि सोडत असते. इतर शहरांची पद्धत नगरपालिकेच्या संकेतस्थळावर पाहा.

तीन वर्षं दहा महिन्यांपासून मूल शाळेत जास्तीत जास्त पाच दिवस रुळायला जाऊ शकतं. शू-शी सांगता यायला हवी, बूट-कोट स्वतः घालता यायला हवा; हे दोन्ही शिक्षिकेला अक्षरओळखीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट. डेकेअरचा करार चौथ्या वाढदिवसाला संपतो. अनेक शाळा दोन-अडीचला सुटतात, काही ठिकाणी बुधवारी दुपारी बाराच्या सुमारालाच. त्यानंतरच्या बीएसओसाठीही प्रतीक्षायादी असते, म्हणून शाळेच्या अर्जाबरोबरच तिथेही नाव घाला आणि सुट्ट्यांतलं पूर्ण दिवसाचं संगोपन करारात आहे का ते पाहा. वाढदिवस जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर शाळा बंद आणि डेकेअर संपलेलं अशी फट पडते. बीएसओने ती भरता येते. अनुदानात प्रकार बदलल्याची नोंद त्याच दिवशी करा.

आठवी पायरी: पाचव्या वाढदिवसानंतर भारतात कधी जायचं

पाचव्या वाढदिवसानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शाळा सक्तीची होते. त्याआधी चार ते पाच या वर्षात मोठी भारतवारी करून घ्या. शाळेला कळवून बराच काळ जाता येतं. पाचनंतर सुट्टीबाहेर तिकीट काढलं आणि शाळेने कळवलं तर नगरपालिकेचा अधिकारी दंड लावू शकतो. स्वस्त तिकीट हे कारण चालत नाही.

तीन वाटा मात्र आहेत. धार्मिक सणासाठी, म्हणजे दिवाळीसाठीही, निदान दोन दिवस आधी शाळेला लेखी कळवून साधारण एका दिवसाची सुट्टी मिळते. जवळच्या नातेवाइकाचं लग्न किंवा गंभीर आजारपण यासाठी मुख्याध्यापक सुट्टी देऊ शकतात. पत्रिका किंवा दाखला जोडून लवकर अर्ज करा. आणि सहाव्या वर्षापर्यंत, मुलाला दिवस फार लांब वाटत असेल तर आठवड्याला पाच तास घरी ठेवण्याची मुभा असते. तिचा उपयोग भारतवारी लांबवण्यासाठी करता येत नाही. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची असते, पण उत्तर, मध्य आणि दक्षिण विभागात तारखा पुढेमागे असतात. दोन कुटुंबांनी मिळून तिकिटं काढताना हे तपासा.

फ्लँडर्समध्ये असाल तर

इथे मूल अडीच वर्षांचं झालं की बालशाळेत, क्लूटरस्खोलमध्ये जाऊ शकतं, आणि ती फुकट असते. दुपारच्या जेवणाची देखरेख आणि शाळेआधी-नंतरचं संगोपन यांचे पैसे वेगळे पडतात. तीन वर्षांखालच्या मुलाला हव्या त्या दिवशी सुरू करता येत नाही. वर्षातल्या ठरावीक प्रवेशदिवसांना, म्हणजे सुट्ट्यांनंतर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, प्रवेश मिळतो. मोठ्या शहरांत आणि ब्रुसेल्सच्या डच शाळांत ऑनलाइन नोंदणी साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला होते आणि ब्रुसेल्समध्ये डच चांगलं येणाऱ्या पालकांच्या मुलांना प्राधान्य असतं. म्हणून ब्रुसेल्सला राहायचं ठरलं तर डचची परीक्षा लवकर द्या.

अडीच वर्षांपर्यंतच्या पाळणाघरांवर ऑपग्रूयन ही सरकारी संस्था देखरेख ठेवते. उत्पन्नानुसार फी घेणारी पाळणाघरं आणि ठरलेली फी घेणारी पाळणाघरं असे दोन प्रकार आहेत. पहिल्यासाठी ऑनलाइन उत्पन्नाचा दाखला आधी काढावा लागतो. खर्चाचा काही भाग कर भरताना परत मिळतो, म्हणून पाळणाघराचं वार्षिक प्रमाणपत्र टाकून देऊ नका.

शिक्षणाची सक्ती २०२० पासून पाचव्या वर्षी सुरू होते. पाच वर्षांच्या सगळ्या मुलांची बालशाळेच्या शेवटच्या वर्षात, शरद ऋतूत, डच भाषेची कोआला नावाची चाचणी होते. तिच्या निकालावरून मुलाला जास्तीची भाषामदत मिळते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतात जाण्याचा बेत करू नका. मूल तीन आणि चार वर्षांचं असताना बालशाळेत नोंद आणि पुरेशी हजेरी असेल तर बालभत्त्यात भरही पडते, तेव्हा सकाळी पाऊस आहे म्हणून मुलाला घरी ठेवण्याआधी हजेरी किती झाली ते शाळेकडून विचारून घ्या.